बाटली आडवी, बंदूक उभी

पिट्सबर्ग : निमगाव केतकीहून काकांचा फोन आला की पानमळ्याची ख्यालीखुशाली झाल्यावर एक प्रश्न ठरलेला : "तिकडं एवढा गोळीबार होतो, मग तुमची नगरपालिका करती तरी काय?"

काका, नगरपालिकेने केले होते. राज्याने टिकू दिले नाही.

27 ऑक्टोबर 2018 रोजी इथल्या 'ट्री ऑफ लाइफ' या ज्यू प्रार्थनास्थळात एका बंदूकधाऱ्याने 11 भाविकांचा जीव घेतला. एप्रिल 2019 मध्ये शहराने लष्करी धाटणीच्या रायफलींच्या वापरावर बंधने घातली. ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने ती रद्द ठरवली. आडवा आला पेनसिल्व्हेनियाचा 1974 चा कायदा : कायदेशीर बंदूक बाळगणे, देणे-घेणे, नेणे-आणणे यांवर कुठल्याही गावाने वा शहराने वेगळा नियम करायचा नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये याच कायद्यापुढे फिलाडेल्फियाही राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. असे कायदे चाळीसहून अधिक राज्यांत आहेत. फ्लोरिडात तर जाणूनबुजून असा नियम करणाऱ्या लोकप्रतिनिधीला 5,000 डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. कोलोरॅडोने मात्र 2021 मध्ये गावांचे हात मोकळे केले.

काका म्हणतील, आपल्या ग्रामसभेला तरी कोण विचारतो? खरे आहे. शस्त्रे हा विषय राज्यघटनेने केंद्र सूचीत घातला; 1959 चा शस्त्र कायदा दिल्लीचा, परवान्यावर सही पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची. गावाच्या हाती उरते ती बाटली : निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला की दारूचे दुकान बंद. गंमत अशी की पेनसिल्व्हेनियातही गाव मतदान करून दारूविक्री बंद ठेवू शकते, बंदुकीला हात लावू शकत नाही.

फरक आहे तो वरच्याने अधिकाराचे काय केले यात. आपल्याकडे अर्ज, पोलिसांचा अहवाल, गरज पटवून देणे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे माणशी दोनच बंदुका. इथे रायफल घ्यायला परवाना लागत नाही; दुकानदाराने पोलिसांकडून गिऱ्हाइकाची पडताळणी करून घेतली की व्यवहार पुरा.

राज्याची बाजू घेणारे म्हणतात, गावागणिक नियम बदलला तर वेस ओलांडताच सज्जन माणूस गुन्हेगार ठरेल. मुद्दा रास्त आहे. पण राज्यभर एकच नियम हवा म्हणून ज्याने गावाचा नियम खोडला, त्याने आपला नियम करून दाखवायला हवा. पेनसिल्व्हेनियाने खोडण्याचे काम तेवढे केले.