कॅम्पसवर भरू द्या एक मंडई

गॅदरिंगची तारीख लागली की वर्गाच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, "आनंद मेळाव्यात आपला स्टॉल कशाचा?" उत्तर ठरलेलं. मॅगी, कोल्ड कॉफी, फार तर तर्री-पोहे. दोन तास धमाल येते, सेल्फी निघतात, हिशेब काही जुळत नाही आणि उरलेली शेव आपणच संपवतो. त्याला नावं ठेवायची नाहीत. पण गेटबाहेर वर्षभर शेंगदाणे विकणाऱ्या मावशी त्या दिवशी कुठे असतात, कधी पाहिलंय? "आज गर्दी आहे, गाडी पुढे घ्या" असं सांगून त्यांना बहुतेक वेळा हलवलेलं असतं. म्हणजे मेळा आपला, गर्दीही आपली आणि ज्यांचा हा रोजचा धंदा आहे तेच बाहेर!

आता जरा साकोली तालुक्यात या. एकोडी असो नाहीतर आजूबाजूचं कोणतंही गाव, भाऊबीज झाली की या झाडीपट्टीत मंडयांचा हंगाम सुरू होतो. हलका धान घरात आलेला असतो, हातात दोन पैसे असतात. लेकी माहेरी येतात, सोयरे-पाहुणे जमतात. कितीतरी सोयरिकींची पहिली बोलणी मंडईच्या निमित्ताने होतात, हे घरी आजीला विचारा. दुपारपासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागतात. बांगड्या, फुगे, जिलेबी, आलूबोंडे आणि अर्थातच गुपचूप. (पुण्याकडचे मित्र पाणीपुरी म्हणतात, म्हणू द्या.) कुठे दंडार रंगते आणि रात्री नाटक.

यातली गंमत कळते ती दुकानदाराच्या बाजूने बघितलं की. आज या गावची मंडई, उद्या शेजारच्या, परवा तिसऱ्या. सगळ्यांनी एकच दिवस धरला तर ना पाहुणे येतील ना गिऱ्हाईक, म्हणून तारखा वेगवेगळ्या. खेळणीवाला, बांगडीवाली, भजीवाला याच तारखांमागे फिरतात. इव्हेंट मॅनेजमेंटचा कोर्स न करता उभं राहिलेलं हे वेळापत्रक आहे.

आणि सिंगाडे! तेवढ्यासाठी तरी मंडईत जा. भंडारा जिल्हा तलावांचा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे 'मामा तलाव' म्हणतात, त्यांत ढिवर बांधव मासळीसोबत सिंगाड्याचं पीकही घेतात. वेल पाण्यावर पसरतो, फळ पानांखाली लागतं. थंडीच्या तोंडावर पाण्यात उतरून किंवा डोंग्यात बसून एकेक फळ हाताने तोडायचं, आणि त्याला काटे असतात. मग घरी आणून उकडायचं. टोपलीमागे बसलेल्या काकू जो भाव सांगतात, त्यात हे सगळं आलं. तरी आपण म्हणतो, "काकू, थोडं कमी करा ना." मॉलमधल्या पॉपकॉर्नला आपण हे कधी म्हणत नाही.

मग हीच मंडई एक दिवस आपल्या कॅम्पसवर का भरू नये? प्राचार्यांकडे अर्ज घेऊन जायला फार धाडस लागत नाही. मात्र विक्रेत्यांकडून स्टॉलचं भाडं घेऊ नका. शंभर-दोनशे रुपयांचा नफा असणाऱ्याला पाचशेची पावती फाडली की तो येणारच नाही. सिंगाडेवाल्या काकू, सुपं-टोपल्या विणणारे बुरड कारागीर, पितळी भांडीवाले यांना स्वतः भेटून बोलवा, पत्रक वाचून कोणी येत नसतं. त्यांच्या बाजाराचा वार टाळा, नाहीतर आपल्या हौसेपायी त्यांचा हक्काचा दिवस बुडायचा. पाणी, सावली आणि संध्याकाळचा झाडू आपल्याकडे. क्यूआर कोड चालतात, पण पाचशे पोरांनी एकदम नेटवर्क वापरलं की ते गोल गोल फिरत राहतं, म्हणून सुटे पैसे आणा.

आणि गेटवरच्या मावशींना पहिली जागा. पथविक्रेत्यांसाठी 2014 मध्ये झालेला केंद्राचा कायदा शहरांसाठी आहे, पण त्यात 'नैसर्गिक बाजार' अशी एक मस्त कल्पना आहे. जिथे विकणारे आणि घेणारे वर्षानुवर्षं आपसूक जमतात, ती जागा. कॉलेजचं गेट दुसरं काय असतं?

परवानगी मिळेपर्यंत खऱ्या मंडईत जाऊन या. ग्रुपमधल्या एकाचं तरी गाव झाडीपट्टीत असतंच, त्याच्या घरी जेवण पक्कं. रात्रीचं नाटक सोडू नका. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. तिकीट संध्याकाळीच काढा आणि अंगावर घ्यायला शाल ठेवा, नाटक उजाडेपर्यंत चालतं.