कुत्र्याला घेऊन औंधला जायचंय?

सुट्टीच्या दिवशी चित्रं बघायची हौस आणि घरी कुत्रा, असं दोन्ही असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंध जरूर गाठा. यमाईच्या डोंगरावर निम्म्या वाटेत श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभारलं. ते स्वतः उत्तम चित्रकार होते, त्यामुळे निवड जाणकाराची आहे. राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं इथे अगदी जवळून बघता येतात. पैठणीच्या जरीवर पडलेला उजेड रंगात कसा पकडलाय, हे छापील प्रतीत कधीच कळत नाही. हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही इथेच आहे. एवढा ऐवज एका खेड्यात, याचा मला फार अभिमान वाटतो.

आमचा कुत्रा शेरू अर्थातच आत येत नाही. आम्ही पाळी लावतो: एकजण आत, दुसरा त्याच्यासोबत झाडाखाली. बंद गाडीत कुत्र्याला ठेवू नका, काही मिनिटांत गाडीची भट्टी होते. उन्हाळ्यात सकाळी लवकरच निघा. कुत्र्याला चालवण्याआधी फरशीवर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच सेकंद सहन होत नसेल, तर त्याचे पंजेही भाजणार. पट्टा, पाणी आणि वाडगं सोबत हवंच.

तुमच्या गावाजवळ असं संग्रहालय असेल, तर कमेंटमध्ये नक्की सांगा. आम्ही येतो!