बाळंतिणीचं मन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाळंतपणाच्या तयारीत डिंकाचे लाडू वळले जातात, अळीव आणले जातात, तेल लावायला येणाऱ्या मावशी ठरतात. शरीराची झीज भरून यावी म्हणून सगळं घर झटतं. मनाच्या दुखण्याची कल्पना मात्र कुणी देत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं. मी उपचार घेतले आणि बरी झाले. त्या काळात कानावर पडलेली वाक्यं आजही घरोघरी बोलली जातात. बोलणारी माणसं मायेचीच असतात, पण त्या बोलण्यानं उपचार लांबतात आणि त्याची झळ आईबरोबर बाळालाही बसते.

गैरसमज: पहिले काही दिवस सगळ्याच रडतात. जाईल आपोआप.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं आहे. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं काही दिवसांत झपाट्यानं उतरतात. त्यात जागरणं आणि टाक्यांचं दुखणं. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बहुतेक बाळंतिणींना विनाकारण रडू येतं आणि दोन आठवड्यांत ते ओसरतं. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलेलं असूनही आईला झोप लागत नसेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. वर्षभरात ते केव्हाही सुरू होऊ शकतं. माझ्या बाबतीत ते बारसं उरकून पाहुणे पांगल्यावर वाढलं.

गैरसमज: हे शिकलेल्या, शहरातल्या बायकांचे चोचले. आम्ही नाही का चार-चार वाढवली?

वस्तुस्थिती: गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या बायकांचा डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यातल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी आणि नवऱ्याकडून होणारा छळ यांनी धोका वाढत होता, आणि मुलगी झाली की त्यात भर पडत होती. नैराश्य आलेल्यांपैकी ७८ टक्के जणींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता. चार-चार मुलं वाढवणाऱ्यांच्या पिढीतही हे दुखणं होतंच. ‘बाळंतवारा’ म्हणून त्यातलं बरंच काही झाकलं गेलं.

गैरसमज: पोटच्या बाळावर माया असेल तर आई खचत नाही.

वस्तुस्थिती: माया आणि आजार एकाच वेळी नांदतात. बाळाला हातात घेतल्याबरोबर पान्हा फुटावा तशी माया दाटून येईल, असं आपण गृहीत धरतो. अनेकींना ती हळूहळू लागते. मन बधिर होणं हे नैराश्याचंच लक्षण आहे. ‘बाळ हातातून पडलं तर?’ असे नकोसे विचार पुष्कळ आयांच्या मनात येतात. मी ते पहिल्यांदा डॉक्टरांपुढे बोलून दाखवले तेव्हा त्या विचारांची भीती निम्मी झाली.

गैरसमज: रडलीस तर दूध आटेल. आणि गोळ्या घेतल्या तर बाळाला पाजता येणार नाही.

वस्तुस्थिती: दूध किती तयार होतं हे मुख्यतः बाळ किती वेळा आणि किती नीट ओढतं यावर ठरतं. ताणामुळे ते उतरायला थोडा वेळ लागू शकतो, पण रडण्यानं आटत नाही. नैराश्यावरची काही औषधं स्तनपान चालू असताना देता येतात. सर्ट्रालीन दुधात फारच थोडं उतरतं, म्हणून डॉक्टर अनेकदा तेच निवडतात. औषध घ्यायचं की नाही, कोणतं आणि किती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

गैरसमज: मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलं की वेडी ठरवतील, बाळ हिरावून घेतील.

वस्तुस्थिती: तपासणीची सुरुवात बहुधा साध्या प्रश्नांनी होते. १९८७ साली तयार झालेल्या एडिनबरा प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दलचे फक्त दहा प्रश्न आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, आईला उपचारासाठी दाखल करावं लागलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा तिच्यापासून तोडता येत नाही. बंगळुरूच्या निमहान्समध्ये २००९ पासून आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार होतात.

एका बाबतीत मात्र क्षणाचाही उशीर नको. हजारात एक-दोन बाळंतिणींना प्रसूतीनंतर लगेच भास होतात, भ्रम होतात, झोपेची गरजच वाटेनाशी होते. स्वतःला किंवा बाळाला संपवण्याचे विचार बळावणं हेही तितकंच गंभीर आहे. अशा वेळी आईला एकटं सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

गैरसमज: मन घट्ट केलं की झालं.

वस्तुस्थिती: मन घट्ट करायची ताकदच या आजारात जाते. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांमध्ये आरोग्यसेविकांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन आधार दिला. बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा या गटातल्या २३ टक्के आयांना नैराश्य होतं, तर असं समुपदेशन न मिळालेल्यांत ५३ टक्के आयांना. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानं दाखवून दिलं की नियमित, शिकून-सवरून दिलेला आधार हाही उपचारच आहे.

मला समुपदेशनाइतकाच उपयोग झाला तो सलग झोपेचा. रात्रीचं एक दूध नवऱ्यानं पाजायला घेतलं, दुपारी सासूबाई बाळाला घेऊन बसू लागल्या. बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. चार दिवस बरे जात आणि पाचवा कोसळे. त्या पाचव्या दिवसाला घरानं नापास ठरवलं नाही, म्हणून मी सावरले.

बाळाला दीड महिन्याच्या लशीसाठी न्याल, त्या दिवशी आईची झोप, भूक आणि मन यांबद्दलही डॉक्टरांशी बोला. घरी येणाऱ्या आशाताईंना सांगा. कुणाशीच बोलणं शक्य नसेल तर १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. बाळाची लस आपण चुकवत नाही. आईची विचारपूसही चुकवू नका.