कलम तेच, अर्थ वेगळा : एल साल्वाडोरची राज्यव्यवस्था कशी वाचायची?



एखाद्या देशाच्या राज्यव्यवस्थेवर सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘हे अध्यक्षीय लोकशाही प्रजासत्ताक आहे.’ वाक्य बरोबर असतं, पण त्यातून व्यवस्था चालते कशी हे कळत नाही. माझं संशोधन विज्ञानातलं, पण हा प्रश्न पद्धतीचा आहे आणि पद्धत सगळ्यांनाच लागते. म्हणून आज मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोरचं उदाहरण घेऊ.

आधी कागद बघा. राज्यघटना १९८३ ची. अध्यक्ष थेट मतदानाने निवडला जायचा, मुदत ५ वर्षं. कलम १५४ म्हणायचं की त्याने त्यापुढे एक दिवसही पदावर राहायचं नाही. कलम ८८ नुसार अध्यक्षपदावर माणूस बदलत राहणं अनिवार्य. आणि कलम ७५ तर त्याच्या फेरनिवडीचा प्रचार करणाऱ्याचे नागरिकत्वाचे हक्कच काढून घ्यायचं! एवढा कडकपणा कशासाठी? जनरल मार्तिनेस यांनी १९३१ ते १९४४ सत्ता सोडली नव्हती, आणि त्यांच्यानंतरही अनेक दशकं देशावर लष्कराचाच वरचष्मा होता.

आता गंमत बघा. या कलमांतला एक शब्दही न बदलता, ४ फेब्रुवारी २०२४ ला विद्यमान अध्यक्ष नायिब बुकेले पुन्हा निवडून आले. कसे?

उत्तर कलमांत नाही, आकड्यांत आहे. विधानसभेत तेव्हा ८४ जागा होत्या. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश निवडायला किंवा काढायला दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ५६. २८ फेब्रुवारी २०२१ च्या निवडणुकीत बुकेले यांच्या ‘नुएवास इदेआस’ पक्षाला मिळाल्या बरोब्बर ५६ जागा. १ मे ला नवी विधानसभा बसली आणि त्याच दिवशी, मित्रपक्षांसह ६४ मतांनी, घटनापीठाचे पाचही न्यायाधीश आणि महाधिवक्ता यांना काढून नवे नेमले गेले.

इथे जरा थांबा. मूळ रचनेत न्यायाधीशांची मुदत ९ वर्षांची आणि दर ३ वर्षांनी फक्त एक तृतीयांश जागा बदलणार. विधानसभेची मुदत ३ वर्षं. म्हणजे कुठल्याही एका विधानसभेला सगळं न्यायालय आपल्या मनासारखं भरता येऊ नये, अशी ती सोय होती. काढण्याचा अधिकार वापरल्यावर ती सोय एका दिवसात निकामी झाली.

३ सप्टेंबर २०२१ ला या नव्या घटनापीठाने निर्णय दिला : मुदत संपायच्या सहा महिने आधी अध्यक्ष पदावरून बाजूला झाला, तर लगेच पुन्हा उभा राहू शकतो. बुकेले यांनी डिसेंबर २०२३ पासून रजा घेतली आणि निवडणूक लढवली.

पुढचा टप्पाही आकड्यांचाच. जून २०२३ मध्ये जागा ८४ वरून ६० केल्या गेल्या. २०२४ मध्ये पक्षाला त्यातल्या ५४ मिळाल्या. घटनादुरुस्तीला पूर्वी एका विधानसभेची मंजुरी आणि पुढच्या विधानसभेचं दोन तृतीयांश मतांनी शिक्कामोर्तब लागायचं. म्हणजे मधे निवडणूक, मधे जनता. जानेवारी २०२५ मध्ये ही अटच बदलली : आता त्याच विधानसभेची तीन चतुर्थांश मतं, म्हणजे ४५, पुरेशी. मग ३१ जुलै २०२५ ला ५७ मतांनी अमर्याद फेरनिवड, ६ वर्षांची मुदत आणि दुसऱ्या फेरीशिवाय निवडणूक, सगळं एकाच दिवशी मंजूर.

इथे ‘हुकूमशाही आली’ एवढं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. पण तुमच्या गृहीतकाला अडचणीत आणणारा डेटाही मांडावा लागतो. २०१५ मध्ये या देशात दर लाख लोकांमागे १०० हून जास्त खून झाले होते. २०२४ चा सरकारी आकडा १.९ आहे. बुकेले यांना मिळालेली ८० टक्क्यांहून जास्त मतं याशिवाय समजत नाहीत. आणि त्याच टेबलात हेही लिहायचं : मार्च २०२२ पासून आणीबाणीची मुदत दर महिन्याला वाढवली जाते आहे, आणि ८० हजारांहून जास्त लोकांना अटक झाली आहे. दोन्ही रकाने भरले तरच खरा संशोधन प्रश्न सापडतो : सुरक्षिततेसाठी लोकांनी दिलेलं बहुमत नियंत्रणं काढायला कसं वापरलं जातं?

तेव्हा कुठलीही राज्यव्यवस्था अभ्यासताना वहीत चार रकाने आखा. नियम काय आहे? तो बदलायला किती मतं लागतात? त्याचा अर्थ कोण लावतं? आणि त्या अर्थ लावणाऱ्याला नेमतं कोण, काढतं कोण? घटनेची प्रत वाचून पहिला रकाना भरतो. दुसराही बऱ्याच अंशी तिथेच सापडतो, पण ती मतं प्रत्यक्षात कोणाकडे आहेत हे निवडणुकीच्या निकालातच बघावं लागतं. शेवटच्या दोन रकान्यांत नियमांबरोबर तारखाही लिहा, क्रमाने. एल साल्वाडोरमध्ये सगळी गोष्ट त्या क्रमातच आहे : आधी न्यायाधीश बदलले, मग अर्थ बदलला, आणि कलम सगळ्यात शेवटी.