छातीत दुखत नाही, तरी चाचणी 'पॉझिटिव्ह'!

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत वार्षिक तपासणी झाली की एखाद्याच्या हाती कागद येतो : 'टीएमटी पॉझिटिव्ह'. माणूस धडधाकट, रात्रपाळी करून सायकलने घरी येणारा. पण त्या दिवशी घरात कुणाला घास गोड लागत नाही. कुणी दागिने गहाण टाकून ऑपरेशनला निघतो, कुणी नोकरीच्या भीतीने कागदच लपवतो. आम्हाला या दोन्ही वाटा घातक वाटतात.

या चाचणीत माणसाला फिरत्या पट्ट्यावर चालवतात. दर ३ मिनिटांनी वेग व चढ वाढतो आणि हृदयाचा आलेख काढला जातो. आलेखाची रेघ खाली गेली म्हणजे रक्तपुरवठा कमी पडत असल्याचा संशय. तो पुरावा नव्हे. जुन्या अभ्यासांच्या सरासरीनुसार ही चाचणी १०० रुग्णांपैकी सुमारे ६८ ओळखते, पण १०० निरोग्यांपैकी सुमारे २३ जणांवर चुकून शिक्का मारते. समजा, त्रास नसलेल्या १०० कामगारांत ५ जणांनाच आजार आहे. तर पॉझिटिव्ह निघतील सुमारे २५, आणि खरे रुग्ण त्यांत तीन-चारच! स्त्रियांत, तसेच रक्त कमी असल्यास किंवा जुन्या रक्तदाबाने हृदय जाड झाल्यास अशी चूक अधिक होते.

मग करावे काय? कागद घेऊन हृदयरोगतज्ज्ञाला भेटा. विचारा : मी किती मिनिटे चाललो? रक्तदाब उतरला का? थोड्याच चालण्यात मोठा बदल दिसला किंवा रक्तदाब घसरला, तर पुढील तपासणीस उशीर नको. एरवी स्ट्रेस इको, थॅलियम किंवा सीटी अँजिओग्राफीने खात्री करता येते. पालघरहून लोकलने मुंबई गाठता येते, तिथे के.ई.एम., नायर या पालिका रुग्णालयांत हृदयरोग विभाग आहेत.

आजार निघाला तरी स्टेंट हाच एक उपाय नाही. ५१७९ स्थिर रुग्णांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या 'इस्केमिया' अभ्यासात आधी औषधे देणे आणि लगेच अँजिओग्राफी करून स्टेंट वा बायपास करणे, यांत मृत्यू व झटके टाळण्यात ठळक फरक दिसला नाही. मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार कमकुवत झालेले रुग्ण मात्र त्यात नव्हते. ऑपरेशन खरोखर लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा, दागिन्यांचा विचार नंतर.

तंबाखू, बिडी, मिश्री आजच सोडा. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासा. गोळ्या मनाने बंद करू नका. छातीत दाब, दम, घाम किंवा हाताला कळ आली, तर कागदाची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

बंधू-भगिनींनो, कागदाला भिऊ नका आणि लपवूही नका. चार प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.