बेअरिंगचं अकाली जाणं

दसरा झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते आणि त्यानंतरचे काही महिने कारखाना रात्रंदिवस चालतो. या दिवसांत बॉयलरचा पंखा किंवा रसाचा पंप थांबला, तर त्याची झळ थेट शेतकऱ्याला लागते. तोडलेला ऊस यार्डात उन्हात उभा राहतो, वजन घटतं, उतारा पडतो. पंखा उघडून पाहावा तर बऱ्याच वेळा निघतं काय, तर एक जाम झालेलं बेअरिंग. कारखाना तासभर बंद राहिल्याच्या नुकसानीपुढे त्याची किंमत काहीच नसते.

मग घाईघाईने नवं बेअरिंग बसवलं जातं, जुनं भंगारात जातं आणि नोंदवहीत ‘बेअरिंग बदललं’ एवढीच ओळ पडते. पुढे काही आठवड्यांनी त्याच जागचं बेअरिंग पुन्हा जातं. माझं म्हणणं असं की बेअरिंग क्वचितच आपल्या मरणाने मरतं. बहुतेकांना आपण घालवतो: ठेवताना, बसवताना, ग्रीस भरताना, मशीन उभं करून ठेवताना. आणि ते कसं घालवलं याचा पुरावा भंगारात टाकलेल्या त्या कड्यांवर उमटलेला असतो.

बेअरिंगच्या आयुष्याचा हिशेब मांडता येतो. स्वीडिश अभियंते आर्विद पाल्मग्रेन यांनी तो १९२४ साली मांडला आणि १९४७ मध्ये गुस्ताफ लुंडबर्ग यांच्यासोबत पक्का केला. कॅटलॉगमधला आयुष्याचा आकडा ही हमी नव्हे. एकाच बनावटीची शंभर बेअरिंगं सारख्या भाराखाली चालवली, तर त्यातली नव्वद जेवढे फेरे पार करतील तेवढा तो आकडा. या हिशेबात डोळे उघडणारी गोष्ट भाराची आहे. बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठव्या हिश्शावर येतं. भार नुसता पंचवीस टक्क्यांनी वाढला तरी आयुष्य जवळपास निम्मं. पट्टा घसरतो म्हणून तो गच्च ताणणं किंवा कपलिंगची दोन टोकं नजरेच्या अंदाजाने जुळवणं किती महाग पडतं, ते यावरून कळावं.

स्वीडनमध्ये गोथेनबर्गच्या गामलेस्ताडेन कापडगिरणीत हेच चाललं होतं. गिरणी चिकणमातीवर उभी. जमीन हलायची, लांबच लांब शाफ्ट रेषेतून सुटायचे आणि बेअरिंगं भराभर जायची. तिथले अभियंते स्वेन विंगक्विस्ट यांनी १९०७ मध्ये छर्‍यांच्या दोन रांगा आणि आतून गोलाकार घडवलेली बाहेरची कडी, असं बेअरिंग तयार केलं. शाफ्ट थोडा तिरपा झाला तरी ते त्याच्यासोबत झुकायचं. त्यातूनच एसकेएफ ही बेअरिंग कंपनी उभी राहिली आणि तिचा कारखाना १९६०च्या दशकात आपल्या चिंचवडला आला. पण या शोधाच्या भरवशावर अलाइनमेंट सोडून देणं चूक आहे. झुकणारं बेअरिंग सांभाळून घेतं. कपलिंग, सील आणि शेजारच्या मोटरमधलं साधं बेअरिंग सांभाळून घेत नाही. डायल गेज लावून, शिम घालून रेषा जुळवायला वेळ लागतो, तो द्यायलाच हवा. त्यातही मोटरचा एक पाय अधांतरी असेल तर बोल्ट आवळताच जुळलेली रेषा बिघडते. म्हणून आधी पाय बसवायचे, मग रेषा बघायची.

तेलाची गोष्ट आणखी खोलात जाते. १८८३च्या सुमारास बीचम टॉवर लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी तिथूनच बाहेर येऊ लागलं. बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर सरकली. दाबमापक लावला, तर काटा बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीपुढे गेला. फिरणारा आस पाचरीच्या आकाराच्या फटीत तेल ओढून नेतो आणि त्याच थरावर तरंगतो, याचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये दिलं. उसाच्या मिलचे रोल अगदी संथ फिरतात. त्या वेगाला असा थर नीट धरत नाही, म्हणून तिथल्या गनमेटलच्या बेअरिंगला दाट तेल सतत द्यावं लागतं आणि पाणी फिरवून ते थंड ठेवावं लागतं.

छर्‍यांच्या बेअरिंगमध्ये हा थर बहुधा एका मायक्रॉनच्याही आत असतो. केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन. म्हणजे बगॅसची डोळ्यांना न दिसणारी धूळसुद्धा तिथे दगडासारखी भरडते. झाकण उघडं ठेवलेला ग्रीसचा डबा आणि न पुसता गन लावलेलं निप्पल, ही धुळीची दोन सरळ दारं.

ग्रीस कमी पडू नये म्हणून जो तो गन दाबत सुटतो, आणि त्यानेही बेअरिंग जातं. पुन्हा ग्रीस भरण्याचा हिशेब सोपा आहे: बेअरिंगचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला ०.००५ने गुणा, येतील तेवढे ग्रॅम. मोटरमध्ये नेहमी आढळणारं ६३१२ घेतलं तर व्यास १३०, रुंदी ३१, म्हणजे सुमारे वीस ग्रॅम. एका दाबात किती ग्रीस येतं हे प्रत्येक गनचं वेगळं. दहा दाब कागदावर मारून वजन करावं आणि एका दाबाचा आकडा गनवरच पेंटने लिहावा. जास्तीचं ग्रीस घुसळून तापतं, सील ढकलतं, मोटरच्या वाइंडिंगवर जातं. आणि सत्तर अंशांच्या वर दर पंधरा अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होत जातं.

खंडेनवमीला मशिनं धुऊन-पुसून त्यांना हार घालण्याची आपली रीत मला मनापासून आवडते. पण त्या दिवशी पाइप लावून मोटरीवर आणि हाउसिंगवर पाण्याचा मारा करू नये. तेलात हजारी अर्धा भाग पाणी शिरलं तरी बेअरिंगचं आयुष्य निम्म्याखाली येऊ शकतं. फडक्याने पुसावं, तीही पूजाच.

बसवताना जे होतं ते तर डोळ्यांसमोर होतं. शाफ्टवर घट्ट बसते ती आतली कडी. जोर तिच्यावरच पडला पाहिजे. बाहेरच्या कडीवर हातोडा मारला की तो घाव छर्‍यांतून आतल्या कडीत उतरतो. बेअरिंग बसतं, फिरतंही. पण धावेवर, म्हणजे छर्रे फिरतात त्या खाचेवर, छर्‍यांच्या अंतराअंतरावर बारीक खळगे पडलेले असतात आणि पुढे तिथूनच पापुद्रे सुटतात. इंडक्शन हीटरवर ११० अंशांपर्यंत तापवलेलं बेअरिंग हातमोजे घालून अलगद सरकवता येतं; गॅसची ज्योत मात्र लावू नये. यात मी फिटरला दोष देणार नाही. ज्याला हीटर दिला नाही, पुलर दिला नाही आणि ज्याच्या डोक्यावर ‘किती वेळ?’ असं विचारत साहेब उभे आहेत, तो हातोडाच उचलणार.

उभं मशीनही बिघडतं, हे अनेकांना पटत नाही. पावसाळ्यात कारखाना बंद असताना दमट हवेने छर्‍यांच्या टेकण्याच्या जागी गंज धरतो. शेजारी चालू पंप असेल तर त्याच्या हादऱ्यांनी उभ्या पंपाचे छर्रे एकाच जागी घासत राहतात. आठवड्यातून एकदा शाफ्ट हाताने फिरवून वेगळ्या जागी थांबवला तर हे बरंच टळतं. वेग कमीजास्त करणाऱ्या व्हीएफडीवर चालणाऱ्या मोटरींत बेअरिंगमधून वीज वाहण्याचा नवा रोग आला आहे. त्याला इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टचं अर्थिंग हा उपाय.

बंद हंगामात झाडून सगळी बेअरिंगं बदलायची पद्धत मला पटत नाही. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांच्या १९७८च्या अहवालात विमानांच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्क्यांतच वय आणि बिघाडाचा ठळक संबंध आढळला. चांगलं बेअरिंग उघडून आपण त्याला पुन्हा धूळ आणि हातोड्याच्या तोंडी देतो. त्यापेक्षा ते चालू असताना ऐकावं. आठ छर्‍यांचं बेअरिंग मिनिटाला १४८० फेऱ्यांनी चालत असेल आणि बाहेरच्या कडीला चीर गेली असेल, तर सेकंदाला सुमारे ७९ ठोके उमटतात. जुना फिटर स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावून बिघडलेला आवाज ओळखतो. व्हायब्रेशन मीटर तोच ठोका आठवडे आधी दाखवतो.

आणि बेअरिंग गेलंच, तर काढल्यावर लगेच धुवू नये. आधी ग्रीसचा रंग आणि वास बघावा, मग कड्या कापून उघडाव्यात. पंपाच्या बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर छर्‍यांचा पट्टा तिरका गेला असेल तर अलाइनमेंट चुकलं. पट्टा भाराच्या बाजूपुरता न राहता पूर्ण गोल फिरला असेल तर बेअरिंग बहुधा फार घट्ट बसलं होतं. निळसर झाक म्हणजे ते तापलं. धावेवर एकमेकींलगत आडव्या रेघोट्या म्हणजे वीज वाहिली. खळगे दिसले तर भिंग घ्यावं. खळग्याच्या तळाशी मूळ ग्राइंडिंगच्या रेषा शाबूत असतील तर तो हातोड्याचा घाव. तळ झिजून तिथे तांबूस भुकटी असेल तर उभ्या मशीनला बसलेले हादरे. ही तपासणी ज्याने बेअरिंग काढलं त्याच फिटरला शेजारी बसवून त्याच दिवशी करावी, कारण शेवटच्या पाळीत मशीन कसा आवाज करत होतं, ते त्यालाच ठाऊक असतं.