खरी फाइल कोणती?

सरकारी रुग्णालयातल्या कुठल्याही विभागाच्या संगणकावरचे सामायिक फोल्डर उघडून पाहा. ‘डोस तक्ता’, ‘डोस तक्ता फायनल’, ‘डोस तक्ता फायनल नवीन’ आणि ‘फायनल नवीन, हाच वापरावा’ अशा चार फाइली शेजारी शेजारी नांदत असतात. रात्री दोन वाजता ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने यांतली कोणती उघडायची, हे कुठेच लिहिलेले नसते. कचेरीत असा घोळ झाला तर एखादे पत्र चुकते. वॉर्डात औषधाची मात्रा चुकू शकते.

क्षयरोगाचेच घ्या. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी औषधे आठवड्यातून तीन दिवस दिली जात. 2017 मध्ये देशभर रोज, रुग्णाच्या वजनानुसार गोळ्या देण्याची पद्धत आली. जुना तक्ता फोल्डरमध्ये तसाच राहिला आणि कोणी तो छापून भिंतीवर लावला, तर तो चुकीचा आहे असे पाहून कळत नाही. तो नीटनेटका असतो, एके काळी बरोबरही होता. हरवलेली फाइल निदान लोक शोधतात तरी. जुनी फाइल बिनदिक्कत वापरतात.

या जास्तीच्या फाइली येतात कुठून? नेटवर्कवरच्या ड्राइव्हवरून एक्सेलची फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाइल तयार होते. उघडणाऱ्याचे नाव तिच्यात नोंदलेले असते. दुसऱ्या कोणी मूळ फाइल उघडली, तर ‘वापरात आहे, फक्त वाचता येईल’ असा संदेश येतो. हे एक प्रकारचे कुलूपच. पण मध्येच वीज गेली, नेटवर्क तुटले किंवा कोणी फाइल उघडी ठेवून घरी गेले, की कुलूप लागलेलेच राहते. इकडे काम तर खोळंबलेले. मग घाईतला माणूस ‘सेव्ह अ‍ॅज’ करतो आणि नव्या नावाची प्रत जन्माला येते. संध्याकाळपर्यंत दोन्ही फाइलींमध्ये वेगवेगळ्या नोंदी पडतात. दोन्ही अर्ध्या खऱ्या!

अशा वेळी रुग्ण तपासताना जो क्रम पाळतो, तोच पाळावा. आधी सगळ्यांचे हात थांबवा. दोन्ही फाइलींच्या प्रती वेगळ्या जागी काढून ठेवा, मगच शोध सुरू करा. ‘शेवटचा बदल’ म्हणून दिसणारी तारीख तापासारखी असते: ते लक्षण आहे, निदान नव्हे. कोणी जुनी फाइल नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी तिला आजची तारीख मिळते. शिवाय एखाद्या संगणकाचे घड्याळच मागे असू शकते. म्हणून आतल्या नोंदी पाहा, शेवटचा रुग्ण कोण ते पाहा, केसपेपरशी ताडून घ्या.

कुलूप कोणाच्या नावाचे आहे ते पाहून त्या व्यक्तीच्या संगणकावर फाइल बंद करायला सांगा. ती व्यक्ती सापडत नसेल, तर संगणक विभाग सर्व्हरवरून फाइल सोडवू शकतो. लपलेली फाइल स्वतः पुसून टाकणे हा अगदी शेवटचा उपाय, आणि तोही मूळ फाइल कोणाकडेही उघडी नाही याची खात्री झाल्यावरच. चांगल्या नोंदींवर कोणी जुनी फाइल चढवली असेल, तर फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ पाहावे. सर्व्हरवर ती सोय आधीपासून चालू असेल तरच तिथे काही मिळते. ती चालू आहे का, हे संगणक विभागाला आजच विचारून ठेवा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हा त्रास आपल्या कितीतरी आधी झाला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी 2005 मध्ये ‘गिट’ तयार केले. त्यात कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद राहते. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलली असेल, तर बदल एकत्र करताना गिट मुकाट्याने एकाला पुसत नाही. थांबते आणि माणसाला विचारते. मला यात आमच्या केसपेपरचा जुना नियम दिसतो. चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही. तिच्यावर एकच रेघ, शेजारी सही आणि तारीख. खालचे वाचता आले पाहिजे.

पण इतिहास जपणे वेगळे आणि जुनी आवृत्ती वापरात राहू देणे वेगळे. पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लशीतून टाइप 2 विषाणू काढायचे ठरले, तेव्हा एप्रिल 2016 मध्ये दोन आठवड्यांच्या आत दीडशेहून अधिक देशांनी लस बदलली. भारतात तो दिवस होता 25 एप्रिल. नवी लस पाठवून काम संपले नाही. जुन्या कुप्या परत गोळा केल्या, नष्ट केल्या आणि शीतसाखळीच्या ठिकाणी जाऊन एकही उरली नाही ना, हे तपासले गेले. रुग्णालयाच्या फोल्डरमध्ये इतके करावे लागत नाही. चालू तक्ता एकच, त्याच्या माथ्यावर लागू झाल्याची तारीख, बदल करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला आणि जुने तक्ते वेगळ्या, बंद फोल्डरमध्ये. जुनी छापील प्रत भिंतीवरून काढायची जबाबदारीही त्याच व्यक्तीची.

घरोघरी हाच घोळ कागदावर असतो. प्लास्टिकच्या पिशवीत तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड आणि मोबाइलमध्ये जुन्या चिठ्ठीचा फोटो. एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावांनी चालू असलेले रुग्ण ओपीडीत नेहमी दिसतात. पुढच्या तपासणीला येताना सध्याच्या औषधांची एकच यादी करून आणा, वर तारीख घाला. खाली बंद झालेली औषधेही लिहा. कोणी आणि केव्हा बंद केली, तेही.